आकृती काढून विचार: मराठी वाक्यांवर भाषाविज्ञानाचा पहिला सराव

भाषाविज्ञानाचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं की दोन गोष्टी अंगावर येतात. एक परिभाषेची गर्दी, आणि दुसरी पानोपानी पसरलेली झाडं, बाण, चौकटी. नवशिके परिभाषा पाठ करतात आणि आकृती 'समजावण्यासाठी काढलेलं चित्र' समजून पान उलटतात. माझ्या मते नेमकं उलटं करावं. परिभाषा हळूहळू अंगवळणी पडते, पण आकृती पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने काढायला हवी. उत्तर सापडल्यावर ते नीटनेटकं मांडायचं म्हणून आकृती काढतात, असा समज आहे. प्रत्यक्षात ती काढताना आपण कुठेतरी अडतो, आणि जिथे अडतो तिथेच खरा प्रश्न असतो.

साहित्य फार लागत नाही. कोरे कागद, पेन्सिल, खोडरबर आणि मराठी बोलणारी दोन-चार माणसं पुरेत. झाडं काढून देणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण सुरुवातीला ती टाळा. ती इतकी सुबक झाडं काढतात की चुकीचं झाडही पटून जातं.

शाळेत वाक्यपृथक्करण केलं असेल तर तुमची सुरुवात आधीच झाली आहे. उद्देश्य आणि विधेय, उद्देश्यविस्तार आणि विधानपूरक असे रकाने पाडलेला तो तक्ता ही एक आकृतीच होती. अमेरिकेत १८७७ साली रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी वाक्य रेघांवर मांडायची पद्धत आणली आणि तिथल्या शाळांत ती पिढ्यान् पिढ्या चालली. शाळेतल्या तक्त्यात एकच उणीव असायची: रकाना भरला की काम संपलं. तक्ता चुकला आहे की बरोबर, हे तपासायची रीत कोणी शिकवत नसे. ती रीतच इथे शिकायची आहे.

पहिलं काम: दोन अर्थांचं वाक्य घ्या

साध्यासरळ वाक्याचं झाड काढून हाती काही लागत नाही. दोन अर्थ निघणारं वाक्य निवडा. आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकातली उदाहरणं भाषांतरित करू नका. दुर्बिणीतून दिसलेल्या माणसाचं ते प्रसिद्ध इंग्रजी वाक्य (I saw the man with the telescope) मराठीत आणलं तर संदिग्धता गळून पडते, कारण मराठीत 'दुर्बिणीतून पाहिलं' वेगळं आणि 'दुर्बीण असलेला माणूस' वेगळा. मराठीची स्वतःची संदिग्धता दुसरीकडे असते. हे वाक्य घ्या:

मी काल आलेल्या पाहुण्यांना भेटलो.

पाहुणे काल आले, की भेट काल झाली? दोन्ही अर्थ निघतात. आता शब्द न बदलता फक्त कंस घाला.

(अ) मी [[काल आलेल्या] पाहुण्यांना] भेटलो.
(आ) मी [काल] [[आलेल्या] पाहुण्यांना] भेटलो.

कंस आणि झाड ही एकाच गोष्टीची दोन रूपं आहेत. कंसाची प्रत्येक जोडी म्हणजे झाडातली एक गाठ. त्या जोडीच्या आत जे जे आहे ते त्या गाठीखाली लटकतं. कागदावर सर्वांत वर 'वाक्य' लिहा, खाली फांद्या काढा. (अ) मध्ये 'काल' ही 'आलेल्या'च्या शेजारची फांदी होते आणि दोन्ही मिळून 'पाहुण्यांना'च्या गाठीखाली जातात. (आ) मध्ये 'काल' त्या गाठीच्या बाहेर, थेट क्रियापदाशी जोडलेला असतो. फांदी लांब की आखूड, डावीकडे कललेली की उजवीकडे, याला काही अर्थ नाही. झाड एवढंच सांगतं की काय कशाच्या आत आहे, आणि कोणता शब्द आधी येतो, कोणता नंतर.

असली झाडं १९५७ नंतर अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कीच्या लेखनामुळे घराघरांत, निदान विद्यापीठाविद्यापीठांत, पोचली. पण चॉम्स्कीचा सिद्धांत मान्य असो वा नसो, 'शब्दांचे गट असतात आणि गटांत गट असतात' एवढं गृहीत धरलं तरी झाड वापरता येतं.

दुसरं काम: झाडाला प्रश्न विचारा

झाड काढलं म्हणजे तुम्ही एक दावा केला. (अ) चा दावा असा: 'काल आलेल्या पाहुण्यांना' हा एक गट आहे. दावा खरा असेल तर त्याचे परिणाम भाषेत दिसायला हवेत. हे परिणाम तपासायच्या तीन कसोट्या मराठीत चांगल्या चालतात.

पहिली कसोटी प्रश्नाची. 'केव्हा भेटलात?' असं विचारा. (आ) मध्ये उत्तर वाक्यातच आहे: काल. (अ) मध्ये उत्तर वाक्यात नाहीच. भेट आज सकाळी झाली असेल, गेल्या तासाभरात झाली असेल, वाक्य त्याबद्दल गप्प आहे. उलट 'कोणाला भेटलात?' याचं तुटक उत्तर 'काल आलेल्या पाहुण्यांना' असं दिलं, तर ते (अ) चंच वाचन होतं.

दुसरी कसोटी घुसखोरीची, आणि मला ती सर्वांत भरवशाची वाटते. संशयित गटाच्या मध्ये बाहेरचा शब्द घालून बघा. 'काल मी आलेल्या पाहुण्यांना भेटलो.' आता 'काल' आणि 'आलेल्या' यांच्यामध्ये 'मी' आला. ऐका: पाहुणे काल आले हा अर्थ नाहीसा झाला. उरली ती फक्त कालची भेट. याचा अर्थ, (अ) मधला गट इतका घट्ट आहे की वाक्याचा कर्ता त्यात शिरू शकत नाही. (आ) मध्ये तिथे गटाची सीमाच आहे, म्हणून 'मी'ला जागा मिळते.

तिसरी कसोटी हलवण्याची. गट असेल तर तो एकत्र हलतो. 'मी भेटलो काल आलेल्या पाहुण्यांना' असं बोलताना आपण सर्रास म्हणतो, आणि तिथे (अ) चा अर्थ पुढे येतो. 'मी आलेल्या पाहुण्यांना काल भेटलो' म्हटलं की फक्त (आ) उरतो.

या कसोट्यांचे निकाल लिहून ठेवा आणि निदान दोघांना विचारून बघा. स्वतःच्याच वाक्याचा निवाडा स्वतः करत बसलं की कानाला हळूहळू सगळंच बरोबर वाटू लागतं. हा धोका खरा आहे, आणि व्याकरणावर भरपूर लिहिणाऱ्यांनाही तो चुकत नाही. विचारताना 'हे वाक्य बरोबर आहे का?' असं विचारू नका. बहुतेकांना शाळेची आठवण होते आणि ते शुद्धलेखन तपासू लागतात. 'हे ऐकून पाहुणे केव्हा आले असं वाटतं?' असं विचारा.

आता थोडं वेगळं उदाहरण: 'लाल साड्या आणि ओढण्या'. [लाल [साड्या आणि ओढण्या]] की [[लाल साड्या] आणि ओढण्या]? दोन्ही. पण 'लाल'च्या जागी रूप बदलणारं विशेषण घाला आणि साड्यांच्या जागी सदरे आणा: 'काळे सदरे आणि ओढण्या'. 'काळे' हे रूप सदऱ्यांना जुळणारं. ओढण्यांना 'काळ्या' हवं. निदान माझ्या कानाला इथे ओढण्या काळ्याच असायला हव्यात असं वाटत नाही. म्हणजे लिंगवचनाची जुळणी एका झाडाच्या बाजूने कौल देते. विशेषण विकारी की अविकारी, यावर संदिग्धता अवलंबून राहते, आणि हे इंग्रजी पाठ्यपुस्तकातून कधीच कळलं नसतं.

झाडाच्या मर्यादाही लगेच पाहून घ्या. 'रमेशने सुरेशला त्याच्या घरी सोडलं.' घर कोणाचं? रमेशचं, सुरेशचं किंवा तिसऱ्याच कोणाचं. पण झाड काढा: तिन्ही अर्थांना एकच झाड. ही संदिग्धता रचनेतली नाही, सर्वनाम कोणाकडे बोट दाखवतं यातली आहे. तिच्यासाठी फांद्या कामाच्या नाहीत. नामांखाली आणि सर्वनामाखाली छोटे आकडे लिहून कोण कोणाशी जुळतं ते दाखवतात. 'त्याच्या'ऐवजी 'आपल्या' घातलं तर घर बहुधा रमेशचं होतं, कारण 'आपला' कर्त्याकडे वळतो. (बोलणारा आणि ऐकणारा एकाच घरातले असतील तर आणखी एक अर्थ निघतो, तो तुम्हीच शोधा.)

तिसरं काम: बाण

'पुस्तक हरवलं माझं.' बोलण्यात हे वाक्य अगदी रोजचं. 'माझं' आणि 'पुस्तक' एका गटातले, पण मध्ये क्रियापद बसलं आहे. झाड काढायला जाल तर फांद्या एकमेकींना छेदतात. छेदणाऱ्या फांद्या हा बहुतेक पद्धतींत नियमभंग असतो. इथे दोन वाटा आहेत: एक तर 'माझं' मूळ जागेवरून हलवलं गेलं असं म्हणायचं, किंवा झाड बाजूला ठेवून दुसरी आकृती घ्यायची.

दुसरी आकृती म्हणजे बाणांची. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ल्युसिएँ तेनिएर यांनी ही पद्धत सविस्तर मांडली. त्यांचा मोठा ग्रंथ १९५९ साली, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. यात गट नसतात, फक्त शब्दाशब्दांतली नाती असतात आणि क्रियापद सर्वांच्या मुळाशी असतं. विभक्ती आणि कारकांवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना ही पद्धत ओळखीची वाटते.

पण मी इथे बाण वेगळ्या कामाला लावणार आहे: क्रियापदाचं रूप कोण ठरवतं, एवढंच दाखवायला. ज्याच्या लिंगवचनाप्रमाणे किंवा पुरुषाप्रमाणे क्रियापद बदलतं त्याच्याकडे क्रियापदातून बाण काढा. बाकी काही दाखवायचं नाही. एका आकृतीत एका बाणाचा एकच अर्थ, हा नियम कधी मोडू नका.

सीता गाणं गाते. → बाण सीतेकडे.
सीतेने गाणं गायलं. सीतेने गाणी गायली. → बाण गाण्याकडे, गाण्यांकडे.
रामाने रावणाला मारलं. → बाण कोणाकडेच नाही.

कर्तरी, कर्मणी आणि भावे हे तीन प्रयोग शाळेत तीन व्याख्या म्हणून घोकले होते. बाण काढल्यावर दिसतं की नियम एकच असावा: बाण प्रत्यय न लागलेल्या नामाकडे जातो, दोघांना प्रत्यय नसेल तर कर्त्याकडे, दोघांनाही प्रत्यय असेल तर त्याला जागाच उरत नाही आणि क्रियापद नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. 'मला आंबा आवडतो, मला पोळी आवडते' हीसुद्धा याच नियमात बसतात: 'मला'ला प्रत्यय आहे, बाण आंब्याकडे किंवा पोळीकडे. कर्ता कोण या वादात न शिरता जुळणीचा प्रश्न सुटला.

आता नियम मोडायचा प्रयत्न करा. हाच खेळातला मजेचा भाग आहे.

'मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली.' इथे 'मी'ला प्रत्यय दिसत नाही, तरी बाण आंब्याकडे आणि पोळीकडे. नियम कोसळला? दोन पर्याय आहेत. एक, 'मी' आणि 'तू' यांना भूतकाळात न दिसणारी तृतीया असते असं मानायचं, कारण 'रामाने खाल्ला' आणि 'मी खाल्ला' यांत कामगिरी तीच आहे. दोन, नियम प्रत्ययाचा नाहीच, क्रियापदाच्या रूपाचा आहे असं म्हणायचं. दोन्ही बाजूंनी लिहिणारे आहेत. आकृतीने तुम्हाला पक्ष निवडायला भाग पाडलं, एवढं नक्की.

'मी पाणी प्यायलो', 'ती धडा शिकली', 'तो माझं नाव विसरला.' कर्म आहे, भूतकाळ आहे, तरी बाण कर्त्याकडे. अशी क्रियापदं मोजकी आहेत. त्यांची यादी वहीत वेगळ्या पानावर चालू ठेवा आणि त्यांच्या अर्थात काही समान आहे का बघा. अपवाद झाकून ठेवले की आकृती नुसती शोभेची होते.

आणि आता माझं आवडतं: 'तू आंबा खाल्लास. तू पोळी खाल्लीस. तू आंबे खाल्लेस.' क्रियापद एक, पण बाण दोन. 'खाल्ला-खाल्ली-खाल्ले' हा भाग आंब्यापोळीकडे बघतो, शेवटचा 'स' तुझ्याकडे. 'तुम्ही आंबा खाल्लात' मध्ये तेच काम 'त' करतो. पारंपरिक व्याकरणाने याला संकर प्रयोग म्हणून वेगळा कप्पा दिला. बाणांच्या आकृतीत कप्प्याची गरज पडत नाही. जुळणीच्या दोन जागा आहेत, आणि एरवी एकच भरलेली दिसते, एवढंच. आता 'तू रावणाला मारलंस' घ्या. कर्माला 'ला' लागला, म्हणून पहिला बाण जागेवरच राहिला, पण 'स'चा बाण तुझ्याकडे गेलाच. दोन्ही जागा स्वतंत्र आहेत हे इथे उघड होतं. कोकणात 'त्याने काम केलंन' असं ऐकू येतं. तिथे तो 'न' कोणाकडे बघतो, हे आता कागदावर काढून बघा.

चौथं काम: रिकामा खाना

ध्वनींसाठी झाडापेक्षा चौकट बरी. मराठीत 'च' आणि 'ज' या एकेका अक्षराचे दोन उच्चार आहेत, तालव्य (जीभ टाळूला लागते) आणि दंततालव्य (जीभ दातांजवळ लागते). 'चार' मधला च वेगळा, 'चाक' मधला वेगळा. 'जग' म्हणजे दुनिया तालव्य, पण 'नीट जग!' मधला 'जग' दंततालव्य. लिहायला दोन्ही सारखेच.

कागदावर दोन उभे रकाने करा, तालव्य आणि दंततालव्य. आडव्या ओळी पुढच्या स्वराच्या: अ, आ, इ-ई, उ-ऊ, ए, ओ. झ साठीही हीच चौकट चालेल. आता शब्द भरत जा. 'आ'च्या ओळीत दोन्ही खाने भरतात: चार, चाक. 'अ'च्या ओळीतही: ती दोन 'जग'. 'ऊ'मध्ये चूक दंततालव्याकडे जाते. 'ए'मध्ये चेहरा एका बाजूला, माझे दुसऱ्या बाजूला. 'इ-ई'मध्ये चिमणी, जीभ, माझी… सगळे तालव्याकडे. दंततालव्याचा खाना रिकामा.

चौकटीचा सगळा फायदा त्या रिकाम्या खान्यात आहे. शब्दांची साधी यादी केली असती तर जे नाही ते दिसलंच नसतं. खाना रिकामा दिसला की दोन प्रश्न विचारायचे: शब्द आठवला नाही म्हणून रिकामा आहे, की भाषेलाच तो चालत नाही? 'माझा, माझे, माझी' ही एकाच शब्दाची रूपं दुसऱ्या शक्यतेकडे ढकलतात, कारण ई लागताच उच्चार तुमच्या जिभेवर आपोआप बदलतो. तरीही निष्कर्ष लिहिण्याआधी एक आठवडा विरुद्ध उदाहरण शोधा. तुमच्या गावची बोली पुण्याच्या प्रमाण बोलीसारखीच वागेल असं धरून चालू नका.

भाषांचे वंशवृक्ष: जरा जपून

झाडाच्या आकृतीचा दुसरा उपयोग भाषाकुळांचा. जर्मन अभ्यासक आउगुस्ट श्लायखर यांनी १८५३ पासून भाषांचे वंशवृक्ष काढले. त्यांचेच विद्यार्थी योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये वेगळी आकृती सुचवली: बदल लाटांसारखे पसरतात, शेजारच्या भाषांत शिरतात, आणि लाटा एकमेकींवर चढतात. वाक्याच्या झाडात फांदी म्हणजे 'आत असणं', वंशवृक्षात फांदी म्हणजे 'आधी एक होते, मग फुटले'. आकार तोच, अर्थ निराळा. नवशिक्यांचा गोंधळ इथे फार होतो.

वंशवृक्षात मराठी आणि कन्नड यांच्यात फांदीच नाही. एक हिंदआर्य, एक द्राविडी. पण सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदल्या. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ साली दाखवलं की तिथल्या या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली होती की शब्दाला शब्द ठेवून एकीचं वाक्य दुसरीत जवळपास तसंच उतरत होतं. वंशवृक्ष हे सांगू शकत नाही. त्यासाठी नकाशा हवा, आणि त्यावर एकेक वैशिष्ट्य कुठवर पसरलं आहे हे दाखवणाऱ्या रेषा. 'आम्ही' आणि 'आपण' हा भेद घेऊन सुरुवात करा: मराठीत आहे, गुजरातीत आहे, तेलुगू-तमिळमध्ये आहे, प्रमाण हिंदीत नाही. रेषा कुळाची हद्द पाळत नाही, हे पाच मिनिटांत दिसेल.

वही कशी ठेवावी

प्रत्येक आकृतीच्या कोपऱ्यात लिहा: यातल्या रेषेचा अर्थ काय, आणि ही आकृती कोणत्या वाक्याने खोटी ठरेल. दुसरी ओळ लिहिता आली नाही तर आकृतीत दावाच नाही असं समजा. खोडलेली झाडं फाडू नका. का खोडलं ते शेजारी लिहा. महिन्याभराने तीच पानं सर्वांत उपयोगी पडतात.

सरावाला एक वाक्य देतो. 'त्याने मला कादंबरी वाचायला सांगितली.' काही जण 'सांगितलं' म्हणतात, काहींना दोन्ही चालतं. कंस घालताना 'कादंबरी' ही 'वाचायला'च्या गटात जाते, कारण वाचायची ती आहे, सांगायची नव्हे. पण 'सांगितली' म्हणणाऱ्याचा बाण थेट त्या गटाच्या आत शिरून कादंबरीला भिडतो. दोन्ही रूपांची झाडं शेजारी शेजारी काढा, त्यांवर बाण काढा, आणि मग घुसखोरीची कसोटी लावा: 'कादंबरी त्याने मला वाचायला सांगितली' आणि 'कादंबरी त्याने मला वाचायला सांगितलं' यांतलं कोणतं तुमच्या कानाला खटकतं?